माणूस आपोआप पेटतो का? आमच्या मोठ्या आजीचं काय झालं असेल?

खाडीकाठ

गेल्या आठवड्यात घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी ढकलपत्र टाकलं. माणसं आतून पेटतात, खुर्चीत राखेचा ढीग उरतो, शेजारचं वर्तमानपत्रसुद्धा जळत नाही, पाय तेवढे शाबूत राहतात, शास्त्रज्ञ गप्प, वगैरे. एरवी असलं काही मी उघडतही नाही. पण 'पाय तेवढे शाबूत' वाचलं आणि फोन खाली ठेवला.

आमचं घर देवगड तालुक्यात, खाडीच्या काठाला. १९७८ च्या श्रावणात आमची मोठी आजी (आजोबांची वहिनी) माजघरामागच्या खोलीत जळून गेली. मी सहा वर्षांचा. आम्हा पोरांना शेजारच्या घरी नेऊन ठेवलं होतं, पण मी सटकलो आणि दारातून पाहिलं. आता जे आठवतंय त्यात नंतर ऐकलेलं किती मिसळलंय ते देव जाणे. बाजेचा मधला भाग नाहीसा झाला होता. खालची सारवलेली जमीन काळी आणि ओशट, तेल सांडल्यासारखी. आणि बाजेच्या टोकाला दोन पावलं. टाचांच्या भेगासुद्धा दिसत होत्या.

फडताळातली पोथी तशीच होती. खुंटीवरचं इरलं तसंच. कौलांना आतून जो काळा चिकट थर बसला, तो मी कॉलेजात जाईपर्यंत होता.

रात्री कुणी ओरडल्याचं ऐकलं नाही. पहाटे काकी (मोठ्या आजीची सून) चहा द्यायला गेली तेव्हा कळलं. घाडी (देवाला कौल लावणारा गावचा देवऋषी) म्हणाला देवचाराची, म्हणजे जागेच्या राखणदाराची, राखण चुकली. वाडीत भानामतीचंही बोललं गेलं. पंचनाम्यात 'चिमणी कलंडून' (चिमणी म्हणजे रॉकेलचा दिवा) असं लिहिलं म्हणतात. पण चिमणी फडताळातच होती, हे काकी आजही दरवेळी न विचारता सांगते.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण मग हे काय होतं? कुणाला माहीत असेल तर लिहा. थट्टा नको, घरचं माणूस होतं.

पेडवेखाऊ

थट्टा नाय करणय. आमच्या वाडीत पण असो एक किस्सो सांगतत. घाड्याचा सोडा, तो राखणीचो कोंबो मिळाक होयो म्हणान बोलतलो. पण माका एक सांगा, पाय कित्याक रवले? आगीक पायांचो काय लळो?

संशयात्मा

पेडवेखाऊंनी नेमका तोच प्रश्न विचारला ज्यात सगळं उत्तर आहे.

समई डोळ्यांसमोर आणा. वात एकटी लावली तर क्षणात जळून जाते. तेल एकटं ठेवलं आणि काडी लावली तर पेटत नाही. दोन्ही एकत्र आली की रात्रभर जळतात, आणि वात जवळजवळ तशीच राहते, कारण जळतं ते तेल. माणसाच्या बाबतीत ही समई उलटी असते: तेल आत, वात बाहेर. वात म्हणजे लुगडं, गोधडी, बाजेचा सुंभ. कुठल्यातरी ठिणगीने कापड धुमसायला लागतं, कातडी फाटते, चरबी वितळून कापडात उतरते, आणि मग ती आच तासन् तास टिकते. आता चरबी कुठे असते? पोट, मांड्या, कंबर. पावलांत जवळपास नसतेच. म्हणून पावलं उरतात.

शेजारची पोथी का जळली नाही? तुमच्या देव्हाऱ्यात समई रोज जळते, देव्हारा लाकडाचा असतो, पेटतो का? ज्योत लहान, आच सरळ वर जाते. वर मात्र काजळी धरते. समईवर वाटी धरून काजळ पाडतात ना, तुमच्या कौलांवरचा चिकट थर तेच आहे.

जगात गाजलेली प्रकरणं बघा. मेरी रीसर, वय ६७, सेंट पीटर्सबर्ग, फ्लोरिडा, जुलै १९५१. सकाळी घरमालकीण तार द्यायला गेली तर दाराची मूठ गरम. आत खुर्चीच्या स्प्रिंगा, राख, आणि सपातेसकट एक पाऊल. 'गूढ' म्हणून सत्तर वर्षं ही गोष्ट फिरते आहे. त्यातून जे गाळलं जातं ते असं: बाई सिगारेट ओढत होत्या, अंगात रेयॉनचा गाऊन होता, आणि झोपेच्या दोन गोळ्या घेतल्यात, अजून दोन घेणार आहे, असं त्यांनी त्याच संध्याकाळी डॉक्टर मुलाला सांगितलं होतं.

१९६६ साली पेनसिल्व्हेनियात ९२ वर्षांचे डॉ. बेंटली गेले. पाईप ओढायचे, कपड्यांवर आधीचे जळल्याचे डाग होतेच. त्याही आधी, १७३१ साली, इटलीत चेझेना गावी काउंटेस बांदी. वय ६२. अंगाला कापूर घातलेला मद्यार्क चोळायची सवय. खोलीत जमिनीवर एक दिवा सापडला, राखेने माखलेला, तेल संपलेला. तीनशे वर्षं लोक विचारतायत की आग आली कुठून!

खांदेकरी

संशयात्मा, वाचायला छान आहे पण मला पटत नाही. आमच्या गावात मयताची लाकडं रचायला गेली वीस वर्षं मी असतो. पूर्ण जळायला तीनशे-चारशे किलो लाकूड लागतं. पावसाळ्यात आंब्याचं लाकूड ओलं असलं तर काय हाल होतात ते मला विचारा. रॉकेल, टायर, सगळं करून पाहिलंय. सगळं झाल्यावरही छाती आणि कमरेचा भाग शेवटपर्यंत राहतो, बांबूने सारखा करावा लागतो. आणि तुम्ही म्हणता एका गोधडीवर माणूस जळला? तोही नेमका मधला भाग, जो सरणावर सर्वांत शेवटी जळतो?

बॉयलरबाबा

खांदेकरी, आक्षेप एकदम रास्त. या धाग्यावरचा आतापर्यंतचा सर्वांत चांगला प्रश्न. मी आयुष्यभर बॉयलर सांभाळले, म्हणून हिशोब मांडतो.

समजा माणूस सत्तर किलोचा. त्यात पाणी साधारण चाळीस किलो. एक किलो पाणी तापवून वाफ करायला सुमारे ६०० किलोकॅलरी, म्हणजे चाळीस किलोला २४,००० झाल्या. आता चरबी. एका ग्रॅमला ९ किलोकॅलरी. अंगाने भरलेल्या बाईत वीस किलो चरबी धरली तर १,८०,००० किलोकॅलरी. म्हणजे पाणी उडवायला लागते त्याच्या सातपटीहून जास्त. इंधन कमी नाहीच. निम्म्याहून जास्त आच वर निघून गेली तरी शिल्लक उरते.

मग सरणाला एवढं लाकूड का? कारण आपल्याला दोन-तीन तासांत उरकायचं असतं, तेही उघड्यावर, वाऱ्यात. शवदाहिनीत ८०० ते १००० अंश ठेवतात तेही दीड-दोन तासांत व्हावं म्हणून. इथे घाई कुणालाच नाही. बंद खोली, वारा नाही, आठ-दहा तास. भात चुलीवरही शिजतो आणि निखाऱ्यावर झाकून ठेवला तरी शिजतो. आणि सरणाची आच बाहेरून आत जाते, म्हणून कंबर शेवटी. इथे आचेचं घरच कमरेपाशी आहे, म्हणून ती आधी.

हे नुसतं कागदावरचं नाही. १९९८ साली बीबीसीच्या कार्यक्रमासाठी जॉन डीहान या आगतज्ज्ञाने मेलेलं डुक्कर घोंगडीत गुंडाळून, वर थोडं पेट्रोल टाकून, सजवलेल्या खोलीत पेटवलं. पेट्रोल लगेच संपलं. डुक्कर मात्र पाच तासांहून जास्त, बारीक आचेवर, स्वतःच्याच चरबीवर जळत राहिलं. हाडं ठिसूळ झाली, खोली जवळपास तशीच.

खांदेकरी

भाताचं उदाहरण पटलं. बाकीचं रात्री परत वाचतो.

नवलनगरी

सगळे एकाच बाजूने बोलतायत म्हणून लिहिते. आयर्लंडमध्ये गॉलवेला २०१० च्या डिसेंबरात ७६ वर्षांचे एक गृहस्थ असेच गेले. २०११ साली तिथल्या कॉरोनरने, म्हणजे सरकारी माणसाने, मानवी स्वयंदहन असा अधिकृत निष्कर्ष दिला. तोही अंधश्रद्धाळू का? आणि २०१३ मध्ये तमिळनाडूत विलुपुरम जिल्ह्यातलं तान्हं बाळ पुन्हा पुन्हा भाजत होतं, सगळ्या पेपरांत आलं होतं. ते बाळ सिगारेट ओढत होतं का?

संशयात्मा

गॉलवेच्या प्रकरणात ते गृहस्थ पेटत्या शेकोटीकडे डोकं करून पडलेले सापडले. एवढं एक वाक्य ढकलपत्रात टाका, बघा किती जण पुढे पाठवतात. कॉरोनरने म्हटलं ते इतकंच की तपास नीट झाला, दुसरं कारण सिद्ध होईना, म्हणून हे या वर्गात टाकतो. 'कारण सापडलं नाही' आणि 'कारण नाही' यात जमीनअस्मानाचा फरक आहे. माझी चावी सापडत नाही याचा अर्थ ती हवेत विरली असा मी घेत नाही.

असल्या गूढांचा तपास करणाऱ्या जो निकेल आणि जॉन फिशर यांनी १९८४ मध्ये अशी तीस जुनी प्रकरणं उकरली. जिथे तपशील मिळाला तिथे जवळपास मेणबत्ती, दिवा, शेकोटी, विडी-सिगारेट यांपैकी काहीतरी निघालंच. आणि माणसं कोण? बहुतेक एकटी, म्हातारी, आजारी, दारू किंवा गोळ्या घेतलेली. काही तर आग लागायच्या आधीच गेलेली असणार. ओरडणार कोण?

हे 'आपोआप' आपल्या भाषेत फार सोयीचं आहे. दूध आपोआप नासलं, काच आपोआप फुटली. त्याचा खरा अर्थ 'मी तेव्हा तिथे नव्हतो' एवढाच.

बाळाबद्दल: चेन्नईच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, अंगातून पेट घेणारं काही निघत असल्याचं सापडलं नाही, आणि कुणीतरी भाजत असावं असा संशय त्यांनी बोलून दाखवला. आता सांगा, 'आपोआप'वर विश्वास ठेवला असता तर त्या बाळाचं काय भलं झालं असतं?

नवलनगरी

शेवटचं वाक्य लागलं. बाळाचं उदाहरण मागे घेते. कीटोसिसचं काय मग, म्हणजे शरीर साखरेऐवजी चरबी वापरायला लागतं ते? अंगात अ‍ॅसिटोन तयार होतं म्हणे, ते तर पेटतं.

बॉयलरबाबा

पेटतं, पण रक्तात ते इतकं थोडं असतं की त्याआधी माणूस आजाराने मरेल. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ ब्रायन फोर्ड यांनी २०१२ मध्ये ही कल्पना मांडली, अ‍ॅसिटोनमध्ये मुरवलेलं डुकराचं मांस जाळून दाखवलं. मुरवलेलं जळणारच हो. कोळंबी रॉकेलमध्ये मुरवली तर तीही जळेल. (कृपया करून पाहू नये. पेडवेखाऊ, तुम्हालाच म्हणतोय.)

तांडेल

माणूस आपोआप पेटत नाही हे मान्य. पण वस्तू पेटतात, आणि आपल्याच किनाऱ्यावर पेटतात, ते कुणी बोलत नाही म्हणून लिहितो.

आमच्याकडे लाकडी होड्यांना माशाचं तेल लावायचे, तारलीचं किंवा मुशीचं. वडिलांच्या वेळी तेल पुसलेल्या चिंध्या आम्ही कोपऱ्यात फेकायचो. एकदा मे महिन्यात दुपारी मांगरातून धूर यायला लागला. मी त्या ढिगात हात घातला आणि बोटं पोळली, आत गरम राखेसारखं. ना काडी, ना विडी. वडिलांनी काठीने सगळ्या चिंध्या उकलून खाऱ्या पाण्यात टाकल्या आणि मला एक ठेवून दिली. त्यानंतर चिंध्या नेहमी दोरीवर एकेक वाळत घालायच्या, हा घरचा कायदा.

शास्त्र पुढे मरीन इंजिनिअर भाच्याने सांगितलं. माशाचं तेल, जवसाचं तेल वाळतं म्हणजे हवेतला ऑक्सिजन घेतं, आणि घेताना तापतं. चिंधी पसरलेली असली तर ऊब निघून जाते. ढीग असला तर आत कोंडते, तापलं की आणखी वेगाने घेतं, आणखी तापतं. खोबरेल असं वाळत नाही, म्हणून डोक्याला लावून झोपा खुशाल. पण खोबरं नीट वाळलं नसेल तर त्याचा ढीग तापतो. फिशमील तर जहाजावर चढवताना धोकादायक मालात धरतात, तापू नये म्हणून त्यात औषध घालतात. ओल्या पेंढ्याची उडवी पण तशीच, आधी आत जंतू ऊब धरतात, मग पुढचं.

म्हणजे 'आपोआप' असतं. फक्त त्याला ढीग लागतो, वेळ लागतो, आणि असलं तेल लागतं. जिवंत माणसात रक्त फिरतं, ते ऊब एका जागी कोंडूच देत नाही.

जाता जाता अजून एक. बाजेचा सुंभ. पानाच्या गादीवर विडी पेटवायला सुंभ टांगलेला असायचा, आठवतो? सकाळी लावला की रात्रीपर्यंत धुमसायचा, ज्वाळा नाही काही नाही.

पेडवेखाऊ

सुंभाचा आठावला! आमच्या नाक्यार होतो. तांडेलानू, मानलय तुमका.

मुक्ता_व

मी वकील आहे, म्हणून मला वेगळं काहीतरी खुपतंय. खाडीकाठ, राग मानू नका.

१८४७ साली जर्मनीत डार्मस्टाटला काउंटेस गोर्लित्स खोलीत जळालेली सापडली. डॉक्टर म्हणाले, स्वयंदहन. प्रकरण मिटलं. पुढे संशय आला, प्रेत उकरलं, रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी सांगितलं की दारूत भिजवलेलं मांससुद्धा आपोआप जळत नाही, जिवंत शरीराची गोष्टच सोडा. १८५० मध्ये खटला चालला. नोकराने मारून, मग जाळलं होतं. त्याने पुढे कबूल केलं.

याच्या उलटही झालंय. १७२५, फ्रान्समधलं रीम्स. खानावळवाल्याची बायको जळालेली सापडली, नवऱ्यावर खुनाचा आरोप. तिथेच उतरलेल्या ल काट नावाच्या तरुण वैद्याने न्यायालयाला पटवलं की हे स्वयंदहन, आणि नवरा सुटला असं सांगतात. चुकीच्या शास्त्राने निर्दोष माणूस सुटला की गुन्हेगार, कोण जाणे.

आपल्याकडे 'स्टोव्हचा भडका' हा शब्द ज्या पिढीने ऐकलाय तिला मी काय म्हणते ते कळेल. बाई जळते, घरातले म्हणतात अपघात, गाव म्हणतं नशीब. दंड संहितेत १९८३ मध्ये ४९८अ (सासरचा छळ) आणि १९८६ मध्ये ३०४ब (हुंडाबळी) का आणावं लागलं? भानामतीच्या आगींतही अंनिसच्या कार्यकर्त्यांना शेवटी बहुतेक घरातलंच कुणीतरी सापडत आलंय, आणि पुष्कळदा ते घरात सगळ्यांत जास्त दबलेलं माणूस असतं. त्यामुळे कुणी 'आपोआप' म्हटलं की मी पहिला प्रश्न विचारते: हे म्हणणं कुणाच्या सोयीचं आहे?

चिमणी फडताळात होती, हे काकी दरवेळी न विचारता का सांगतात?

खाडीकाठ

मुक्ताताई, तुमची पोस्ट वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. खरं सांगायचं तर राग आला होता. काकीने मोठ्या आजीचं मरेपर्यंत सगळं केलं. आम्हा सगळ्यांचं केलं.

एक आठवलं ते लिहितो. आई सांगायची की त्या रात्री पडवीपर्यंत वास आला होता. तिला वाटलं शेजारी कुणी सुकं भाजतंय, आणि ती वैतागली, की श्रावणात कोण हे करतंय. उठून बघितलं नाही म्हणून ती पुढे जन्मभर हळहळली.

मुक्ता_व

मी कुणावर आरोप केला नाही. पण तुमच्या जागी मी असते तर विचारलं असतं. न विचारता जी माणसं सांगतात, त्यांना बहुतेक वेळा विचारलं जायला हवं असतं.

नवलनगरी

+१. आणि गणपती जवळच आलेत.

खाडीकाठ

गणपतीपर्यंत थांबलो नाही. काकी आता डोंबिवलीला मुलाकडे असते, सत्तरी ओलांडली आहे. रविवारी गेलो. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, मग मी समईची गोष्ट सांगितली, संशयात्मांनी लिहिली तशीच. सुंभाचंही सांगितलं. ती शेंगा सोलत होती, सोलतच राहिली. मग म्हणाली, "बाजेखाली शेगडी होती."

मोठ्या आजीला दम्याचा त्रास. त्या आठवड्यात पाऊस थांबत नव्हता, खोकून खोकून तिला पडवत नव्हतं. काकीने करवंटीचे निखारे केले, वर मूठभर ओवा टाकला आणि बाळंतिणीला ठेवतात तशी शेगडी बाजेखाली सरकवली. आजीला बरं वाटलं, डोळा लागला. घटकाभराने काढायची होती. दिवसभर लावणी करून आलेली ती, चुलीपाशी टेकली, ती पहाटेच जागी झाली.

आजोबांना तिने तेव्हाच सांगितलं होतं. आजोबांनी शेगडी उचलली, मागीलदारी माडाच्या आळ्यात रिकामी केली, आणि तिला म्हणाले, तोंड उघडायचं नाही. मग पोलीसपाटलांकडे माणूस पाठवला, आणि त्याच्याही आधी घाड्याकडे. आजोबा देव मानत नव्हते. जन्मात घाड्याच्या दारात गेले नव्हते, हे मला आता कळतंय.

"मग चिमणीचं का सांगत असतेस?" मी विचारलं. म्हणाली, "कागदावर खोटं लिहिलं गेलं ते मला सोसत नाही. आणि खरं सांगवत नाही."

निघताना दारापर्यंत आली. "तू त्या तिथे लिहितोस, तिथे माझं नाव घातलंस का?" नाही म्हटलं. जरा वेळ उभी राहिली.

"शेगडीचं लिही," म्हणाली.